पानडब्यातले रंग

बीड
१३ जानेवारी २०२५

रोहिणी,

पाकीट उघडल्यावर आधी चित्रच हातात आलं असेल. ते कडुलिंबाचं झाड आहे, बीडच्या दवाखान्यासमोरचं. काठीवर हिरवा गोळा ठेवल्यासारखं दिसतं, हे मलाही कळतं. खालचा निळा डाग म्हणजे ऑटोरिक्षा. काढून व्हायच्या आत ती भाडं घेऊन गेली, म्हणून तिला चाकं नाहीत.

तुझा पालनपूरचा पत्ता तुझ्या सासूकडून, साखरामावशीकडून घेतला. सून कशी आहे, नात कशी आहे, हे तिनं न विचारता सांगितलं. नाथाला तिकडच्या डेअरीत जनावरांच्या डॉक्टरची नोकरी आहे, हेही तिच्याकडूनच समजलं. फोन नंबर मी मागितला नाही. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, तुला ठाऊक आहे.

तू नाथाशी लग्न केलंस तेव्हा अण्णांनी 'धाकटी मेली आमाला' म्हटलं होतं, ते त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही. तुझ्या सासऱ्याच्या, सटवामामाच्या मेंढ्याही त्यानंतर आपल्या रानात खताला बसायला आल्या नाहीत. तेव्हा अण्णांनी लिहायला सांगितलं असं समजू नकोस. त्यांना हे पत्र माहीतच नाही.

अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा बीडला डायलिसिस असतं. बजरंग गाडी चालवतो, सोबत मी. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हापासून घरातलं असलं प्रत्येक काम माझ्याकडेच येतं, तसं हेही आलं. अण्णांना मशीनला लावलं की चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं. आधी मी भिंत बघत बसायची. आता चित्र काढते.

शेजारी वच्छलाबाई बसतात. कन्याशाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचे यजमानही आत मशीनला असतात. बाईंच्या पिशवीत चष्म्याच्या डबीएवढा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात रंगांच्या वड्या, एक ब्रश, ज्याच्या दांड्यातच पाणी भरलेलं असतं, सोबत पोस्टकार्डाएवढे कापलेले जाड कागद आणि ब्रश पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा. तेवढ्यावर त्या कुठंही बसतात. मी रोज टक लावून बघायची.

एक दिवस त्या म्हणाल्या, "बघत काय बसलीस? धर."

"मला येत नाही."

"येत असतं तर माझ्या शेजारी कशाला बसली असतीस? धर."

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच काढू दिलं नाही. कागदावर नुसतं पाणी लावायचं, त्यात रंगाचं टोक टेकवायचं आणि हात मागे घ्यायचा. रंग स्वतःच पसरतो. मला दम निघेना, मी मध्येच ब्रश घातला आणि सगळा चिखल झाला. बाई म्हणाल्या, "ओलं आहे तोवर हात लावायचा नाही. संसारात लावलास तेवढा पुरे."

आता खरं सांगते. तुला पत्र लिही असं अमरदादानं मला सांगितलं. त्यात काय लिहायचं तेही सांगितलं. ते मी आज लिहिणार नाही. आज फक्त हे झाड.

तुझी
मंगलताई


बीड
१० फेब्रुवारी २०२५

रोहिणी,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी आज दुसरं पाठवते.

सोबत केळं आहे. याच्यावरची पांढरी चमक मी रंगवलेली नाही, तो कोरा कागद आहे. जलरंगात पांढरा रंग वापरायचाच नाही असा बाईंचा नियम आहे. जिथं पांढरं हवं तिथं आधीपासून जागा सोडून द्यायची. एकदा रंग गेला की गेला. मी तीन केळी बिघडवली तेव्हा हे एक जमलं.

माझा स्वतःचा डबाही झाला. अण्णांचा पितळी पानडबा आठवतो ना? डॉक्टरांनी पान-तंबाखू बंद केल्यापासून तो देवळीत पडून होता. त्याला कप्पे तयारच आहेत. बाईंनी ट्यूबमधले रंग एकेका कप्प्यात पिळून दिले, ते वाळले की त्यांच्या वड्या होतात. चुन्याच्या जागी पिवळा, काताच्या जागी तपकिरी, सुपारीच्या मोठ्या कप्प्यात निळा, कारण तो फार लागतो. झाकणावर रंग कालवायचे. काळा घ्यायचा नाही. निळ्यात तपकिरी कालवला की त्याहून चांगली सावली मिळते.

मागच्या आठवड्यात मशीनची खोली रिकामी होती म्हणून नर्सनं मला आत बसू दिलं. अण्णांनी डबा बघितला.

"हा माझा डबा हाय न्हवं?"

"हाय."

"चुना कुठं गेला?"

"तिथं पिवळा भरलाय."

डबा नाकाशी नेला. मग म्हणाले, "नीट धुतला का? न्हाईतर चित्राला तंबाखूचा वास यील."

त्यांच्यासमोर ब्रश पाण्यात बुडवताना मला अवघडल्यासारखं होतं. त्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं. सकाळी आई एका बाटलीत भरून देते, त्यात चहा, औषधाचं पाणी, सगळं आलं. जास्त झालं की ते फुप्फुसात साठतं, दम लागतो, पाय सुजतात. जिल्हा परिषद गाजवलेला माणूस दुपारी बाटली उजेडात धरून बघतो, किती उरलं म्हणून. मी झाकणातलं पाणी ओतायला उठले तर म्हणाले, "टाकू नको. बघू दे."

आता दादाचं म्हणणं. डॉक्टरांनी किडनी बसवायचा विचार करा असं सांगितलं आहे. घरातल्या जवळच्या माणसानं दिलेली चांगली. तू सगळ्यांत धाकटी, तब्येतीनं चांगली, म्हणून तुला कळवावं, बापाची आठवण करून द्यावी, जमलं तर रडावं, असं दादा म्हणाला. हे त्याचं म्हणणं मी तुझ्यापर्यंत पोचवलं, कारण ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तिखट-मीठ लावून कळू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांनी तुला मेली म्हटलं त्यांनी तुझ्याकडे काही मागू नये. याला उत्तर पाठवायची गरज नाही.

मध्ये आम्ही पुण्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. मला सकाळी उपाशी बसवलं होतं. बसल्या बसल्या समोरच्या नळाचं चित्र काढलं. ते बरं आलं, पण कागदावर चहा सांडला.

मंगलताई


बीड
१२ मार्च २०२५

रोहिणी,

तुझं कार्ड पोचलं. पाकिटावर मी वच्छलाबाईंचा पत्ता घातला होता ते बरं केलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात एकच ओळ: 'ताई, तुला उपाशी कशाला बसवलं?'

लहानपणीही तू अशीच होतीस. सगळं सांगून झालं की नेमकं न सांगितलेलं विचारायचीस.

हो. माझ्याच तपासण्या चालू आहेत. रक्तगट जुळला, पुढचंही बरंचसं जुळलं. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू काहीतरी म्हणाली असतीस, आणि मग मला विचार करावा लागला असता.

ठरलं कसं ते सांगते. ठरलं असं काही नाहीच. ओसरीवर सगळे बसले होते. दादानं डॉक्टरांचं सांगणं सांगितलं. वहिनी लगेच म्हणाली, "यांचं काई काढायचं न्हाई, मी आत्ताच सांगते. लेकरं लहान हायेत." निवडणूक कधीही लागेल, दादाला गावोगाव फिरायचं आहे, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत होतं. मग दादा माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाला, "मंगल, तुझं काय, तुझ्या मागंपुढं कोन हाय?"

मी चहाच्या कपबश्या गोळा करत होते. त्या घेऊन आत गेले. बाहेर तो होकार समजला गेला.

वाईट वाटावं म्हणून त्यानं ते म्हटलं नाही, हे मला कळतं. हिशोबच केला त्यानं. तरी ते वाक्य कानातून जात नाही. भाकरी थापताना येतं, रंग कालवताना येतं.

चित्र पाठवत नाही. या महिन्यात जे काढलं ते सगळं काळवंडलं. बाई म्हणाल्या, "तू एकावर एक थर देत सुटतेस. खालचा वाळला की नाही ते बघतच नाहीस." त्यांना घरातलं काही सांगितलेलं नाही. यजमानांचं दुखणं त्यांना पुरेसं आहे.

पुढच्या महिन्यात पुण्याला शेवटची भेट आहे. तिथं देणाऱ्याशी एकट्यात बोलतात म्हणे.

मंगलताई


दिंद्रुड
१६ एप्रिल २०२५

रोहिणी,

आज घरूनच लिहिते, दार लावून. लावलं तर लावलं.

पुण्याला त्या दवाखान्यात एक बाई आहेत, देणाऱ्याशी एकट्यात बोलायचं हेच त्यांचं काम. तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी दादाला आणि अण्णांना बाहेर थांबायला सांगितलं. दादा म्हणाला, "आम्ही घरचेच आहोत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." आणि दार लावून घेतलं.

आधी सगळं नीट समजावून सांगितलं: ऑपरेशन कसं होतं, नंतर काय जपायचं, काय धोका असतो. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मंगलताई, तुम्हाला द्यायची आहे का?"

मी म्हटलं, "घरचे म्हणतात..."

"ते मी त्यांना विचारेन. तुम्हाला?"

रोहिणी, लग्न ठरताना मला कुणी विचारलं नव्हतं. तो वारल्यावर सासरी राहायचं की परत यायचं, तेही विचारलं नव्हतं, दादा गाडी घेऊन आला होता. आता एक परकी बाई विचारत होती आणि मला उत्तर द्यायची सवयच नव्हती.

शेवटी मी नाही म्हटलं. भीती वाटते हे एक कारण आहे, ते मी लपवत नाही. पण नुसती भीती असती तर मी टेबलावर जाऊन पडले असते, भीती वाटते म्हणून आजवर मी काय टाळलं? अण्णांचा मला राग नाही. 'मंगल, दे' असं ते एकदा म्हणाले असते तर कदाचित दिलीही असती. पण मागंपुढं कोणी नाही म्हणून माझ्यातलं काढून घ्या, हे मला चालणार नाही.

त्या बाई म्हणाल्या, "ठीक. आम्ही घरी एवढंच सांगू, वैद्यकीय कारणानं तुमची घेता येत नाही. कारण आम्ही कुणालाच सांगत नसतो."

किती सोपं होतं बघ. मी म्हटलं, "नको. माझं मी सांगते."

मांजरसुंब्याला ढाब्यावर गाडी थांबली तेव्हा सांगितलं. दादानं घास ताटात टाकला.

"येड लागलं का तुला? डॉक्टर हो म्हणतोय आन् तू न्हाई म्हणतीस? कावून?"

"मला द्यायची न्हाई."

"असं कसं न्हाई? आगं, तुझ्या मागं..."

"माझ्या मागं मी हाय, दादा."

आजूबाजूचे ट्रकवाले बघायला लागले. दादा तावातावानं आणखी बोलला, ते लिहीत नाही. अण्णा समोर भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "अमर, तुझा रक्तगट कोन्ता रे?"

दादा म्हणाला, "अण्णा, तुमाला सगळं माहीत असून इचारता."

"म्हायीत न्हाई. म्हणून इचारलं."

दादा हात धुवायला उठला तो गाडीतच जाऊन बसला. पुढं केज, धारूर करत गाडी घराकडे निघाली. मी बाहेर बघत होते. मला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. भूक लागली होती, कारण माझंही ताट तसंच राहिलं होतं.

मंगल


बीड
१४ जून २०२५

रोहिणी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तुझ्या लेकीनं, प्रियदर्शनीनं काढलेली म्हैसही मिळाली. ती माझ्यापेक्षा चांगली काढते. कान फार मोठे झालेत, पण म्हैस बसलेली आहे हे कळतं. माझी गाढवासारखी दिसते.

एप्रिलनंतर घर कसं होतं ते विचारतेस. वहिनी माझ्याशी पाहुण्यांसमोर बोलायची, एरवी नाही. दादानं बीडला सोबत जायला दुसरा माणूस बघितला. अण्णा गाडीत बसलेच नाहीत. बजरंगला म्हणाले, "मंगल यीपर्यंत गाडी चालू करू नको." तेवढंच. मी पानडबा घेऊन शेजारी बसले.

वच्छलाबाईंचे यजमान मे महिन्यात गेले. आमच्यासमोरच्या खाटेवर दुसरा पेशंट आला. दिवस-कार्य उरकल्यावर एका सोमवारी बाई नेहमीच्या वेळी बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "घरात चार तास जाता जात नाहीत." आम्ही दोघींनी लिंबाचं झाड काढलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा झाड काढायच्या आधी झाडाभोवतीचं आभाळ काढलं. बाईंनी बघितलं आणि फक्त 'हं' म्हणाल्या. त्यांचा 'हं' मला पुरतो.

आता मोठी गोष्ट. आई देणार आहे.

दादा परत एकदा तुझा विषय काढत होता. 'मीच पालनपूरला जातो, बघतो कशी येत न्हाई ती' असं म्हणाला. आई दाण्याचं सूप घेऊन उंबऱ्यात बसली होती. खाली बघूनच म्हणाली, "माझी बघा की."

दादा हसला. "आई, तुझं वय काय!"

"बघा तर. डाक्टर न्हाई म्हणला तर न्हाई."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. तिला साखर नाही, बीपी नाही. आयुष्यभर रानात राबलेलं अंग. पुण्याच्या सगळ्या तपासण्यांतून ती पार झाली. त्या बाईंनी तिलाही एकटीला घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "माज्या नवऱ्याला देते, कुनाच्या बापाचं काय जातंय? पर घरी एक काम हाय माझं."

ते काम असं. घरी आल्यावर तिनं अण्णांच्या खाटेसमोर खाली बसून, सगळ्यांसमोर सांगितलं:

"देते मी. पर रोहिणी दवाखान्यात आली पाहिजे. नवऱ्याला, लेकराला घिऊन. आन् बोलवायचं तुमी. मंगल न्हाई, अमर न्हाई. तुमी सोता."

दादा उसळला. लोक काय म्हणतील, आत्ताच कशाला, वगैरे. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. अण्णा म्हणाले, "बायना, तू माझ्याशी सौदा करतीस?"

"हां. करते."

एवढ्या वर्षांत मी तिला अण्णांना एकदाही अडवताना बघितलं नव्हतं. तू गेलीस तेव्हाही ती चुलीपुढून उठली नव्हती, तुला आठवत असेल. अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. अजून हो म्हटलेलं नाही. आईनं पुन्हा विषयही काढलेला नाही. सकाळी पाण्याची बाटली भरून देते आणि कामाला लागते.

मंगलताई


बीड
३० जुलै २०२५

रोहिणी,

काल फोनवर तू अण्णांचा फक्त आवाज ऐकलास. बाकीचं तुला दिसलं नाही, ते सांगते.

मागच्या आठवड्यात अण्णांना रस्त्यातच दम लागला. ओठ निळे पडले. बजरंगनं गाडी कशी पळवली त्यालाच ठाऊक. तीन दिवस ठेवून घेतलं. परत आले, आणि काल सकाळी बजरंगला म्हणाले, "सटवाच्या वस्तीवर घे."

मी सोबत होते. ओढ्यापर्यंतच गाडी जाते, पुढं चालावं लागतं. मी हात धरायला गेले तर काठी मागितली. वस्तीवर साखरामावशी मेंढ्या कोंडायच्या वाघरीचं जाळं नीट करत होती. आम्हाला बघून उभी राहिली आणि पदर सावरला. सटवामामा आतून आला. तो आधी अण्णांना मालक म्हणायचा. काल म्हणाला, "या, इवाई. बसा."

व्याही म्हटलेलं ऐकून अण्णा तिथंच थांबले. मला वाटलं आता फिरतात. ते घोंगडीवर बसले.

मावशीनं तांब्या आणि पेला आणला. आपल्या घरचं कुणी त्यांच्या घरी कधी पाणी प्यालं नाही, हे तिलाही माहीत आणि अण्णांनाही. तिनं पेला भरून पुढं धरला. अण्णांची बाटली माझ्या पिशवीत होती, डायलिसिस दुसऱ्या दिवसावर, पायांवर सूज. मी म्हणणार होते, मावशी, त्यांना चालत नाही. खरंच कारण होतं, कुणाला वाईट वाटलं नसतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. पेला दोन्ही हातांत घेतला आणि सगळा प्याले. एका दमात नाही, थांबत थांबत, शेवटच्या घोटापर्यंत. मग माझ्या पिशवीतली बाटली काढायला लावली आणि तेवढं पाणी समोरच्या लिंबाला घातलं. दिवसभर पुन्हा थेंब घेतला नाही.

मग म्हणाले, "सटवा, पोराचा नंबर लाव."

पुढचं तू ऐकलंस. 'मी बोलतोय. तुझी माय ऑपरेशनला जातीय. ये. नाथाला आन, पोरीला आन. मी बोलावतोय.' इकडे सटवामामा फोन हातात धरून तसाच उभा होता. मग तू म्हणालीस, बघते, आणि फोन ठेवलास. अण्णा म्हणाले, "बघते म्हणली." माफ कर असं ते म्हणाले नाहीत. त्यांना ते म्हणता येत नाही. तुला ते पुरं वाटलं नाही तर तुझं चुकत नाही.

आणि आता एक गोष्ट, जी आईनं मला सांगू नकोस म्हणून बजावलं आहे. रात्री भांडी घासताना मी तिला विचारलं, रोहिणी आलीच नाही तर? ती म्हणाली, "तरी देनार. माझा मानूस हाय तो. पर त्याला बोलवाया लावायचं हुतं."

म्हणजे तुझ्या येण्यावर कुणाचं काही अडलेलं नाही. अण्णांना हे माहीत नाही, दादाला नाही. तुला माहीत असावं. मला पुण्याच्या त्या बाईंनी जसं दार लावून विचारलं तसं तुला विचारणारं कुणी नाही, म्हणून मी विचारते: तुला यायचं आहे का? नाही असलं तरी मला चालेल. आईलाही मी सांभाळून सांगेन.

ऑपरेशन सप्टेंबरात आहे. दवाखान्याचा पत्ता मागे लिहिला आहे.

मंगलताई


दिंद्रुड
८ ऑक्टोबर २०२५

रोहिणी,

तुम्ही पोचल्याचा नाथाचा फोन आला. आईला काल टाके बघायला नेलं होतं. जखम भरली आहे. वाकू नको सांगितलं तर अंगणात वाकूनच झाडत होती, म्हणून खराटा मी माडीवर टाकला. अण्णांची लघवी सुरळीत आहे. आता डॉक्टर त्यांना पाणी भरपूर प्या म्हणतात, आणि ते पीत नाहीत. आई तांब्या घेऊन मागे उभी राहते तेव्हा पितात.

तू दवाखान्यात आईजवळ बसून राहिलीस आणि अण्णांच्या खोलीत एकदाच, दारात उभी राहिलीस. ते 'आलीस?' म्हणाले, तू 'आले' म्हणालीस. साखरामावशीला वाटलं होतं तू पाया पडशील. मला वाटलं नव्हतं. तुम्ही निघालात तेव्हा अण्णांनी मला विचारलं, "ती परत यील का?" मी म्हटलं, तिला विचारा. ते म्हणाले, "इचारीन."

त्यांनी विचारलं तर तुला वाटेल ते सांग.

प्रियदर्शनीनं जाताना दिलेला, दादाच्या मिशा रंगवलेला कागद मी इथं घरी भिंतीला लावला आहे. दादानं तो काढलेला नाही. तो अजून माझ्याशी तुटक बोलतो. वहिनी बोलायला लागली, तिला आईची औषधं वेळेवर द्यायला मी लागते.

बीडला जायचं आता कारण उरलं नाही. तरी सोमवारी मी एस.टी.नं जाते. वच्छलाबाईंनी घरी चार-पाच जणींना शिकवायला सुरुवात केली आहे, त्यात एक मीही. मागच्या वेळी त्यांनी बसस्टँडवर नेलं. फलाटावर माणसं एका जागी थांबत नाहीत, तेव्हा आधी डाग टाकायचा आणि माणूस नंतर शोधायचा. मला त्यातले दोन जण सापडले.

दिवाळी झाली की मी पालनपूरला येते. तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला उंट उभे असतात असं प्रियदर्शनी म्हणाली, ते बघायचे आहेत. तिकीट काढलं. घरात कुणाला विचारलं नाही, जेवताना सांगितलं.

दादा म्हणाला, "एकटी? आन् सोडाया कोन येणार?"

मी म्हटलं, "पुण्यापर्यंत एस.टी. हाय. तिथून रेल्वे."

अण्णा जेवत होते. म्हणाले, "खिडकीची जागा घे."

मंगलताई